क्लाउड सेवांतील पुरवठादार-जोखीम

व्यवसायाची संगणकयंत्रणा भाड्याच्या क्लाउडवर चालवताना पुरवठादाराकडचा बिघाड, चूक, दरवाढ किंवा सेवाबंदी यांमुळे कामकाज अडण्याची शक्यता म्हणजे पुरवठादार-जोखीम. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हा प्रश्न व्यवसायांपुढे आहे. कंपन्यांत यंत्रणा चालू ठेवणे आयटीकडे, बिल अकाउंट्सकडे आणि करार कायदा विभागाकडे असतो. त्यामुळे तिघांनी मिळून विचारायचा प्रश्न बहुधा कुणीच विचारत नाही : आपल्या कोणकोणत्या गोष्टी एकाच खात्याखाली आहेत आणि म्हणून एकदमच बंद पडू शकतात?

याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे आहे. सहा लाखांहून अधिक सभासद असलेल्या या निधीची यंत्रणा गुगल क्लाउडवर होती. मे २०२४ च्या सुरुवातीला तिचे खासगी क्लाउड सबस्क्रिप्शनच, म्हणजे तिच्यासाठी राखलेल्या भाड्याच्या यंत्रणेचे खातेच, पुसले गेले. गुगलने नंतर दिलेले कारण असे : आधीच्या वर्षी हे क्लाउड उभारताना गुगलच्याच अंतर्गत साधनातला एक रकाना रिकामा राहिला. रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्रणेने ‘एक वर्षाची मुदत’ असा लावला आणि वर्ष भरताच सगळे आपोआप हटवले. हटवण्याची मागणी ग्राहकाने केलेली नसल्याने त्याला पूर्वसूचनाही गेली नाही. दोन ठिकाणी प्रती ठेवण्याची व्यवस्था होती, पण सबस्क्रिप्शनच गेल्यावर तिचा आधार उरला नाही. उपयोगी पडले ते या सबस्क्रिप्शनबाहेर ठेवलेले बॅकअप, त्यांतले काही दुसऱ्या पुरवठादाराकडचे. तरीही सभासदांना आपले खाते पाहता येईपर्यंत आठवडा गेला. इथे ना आग लागली होती, ना हल्ला झाला होता.

आगीचेही उदाहरण आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. ज्यांचे बॅकअप त्याच आवारात होते, अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.

अशा स्थानिक दुर्घटनांवरचा उपाय म्हणून पुरवठादार एकाच प्रदेशात, म्हणजे रीजनमध्ये, स्वतंत्र वीजपुरवठा असलेले अनेक झोन ठेवतात. मात्र संपूर्ण रीजनच कोलमडला तर झोन कामाचे नाहीत. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील रीजनमध्ये एका डेटाबेस सेवेचा इंटरनेटवरचा पत्ता स्वयंचलित प्रणालीतील दोषामुळे कोरा झाला आणि जगभरच्या असंख्य सेवा तासन्‌तास अडल्या. दुसरा रीजन हवा, पण तो नेहमी मिळतोच असे नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवण्याची सक्ती केली, तेव्हा ॲमेझॉनचा भारतात मुंबई हा एकच रीजन होता. हैदराबादचा रीजन नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. मधल्या काळात देशातच दुसरी जागा हवी असलेल्या ॲमेझॉनच्या ग्राहकाला दुसऱ्या पुरवठादाराकडे किंवा स्वतःच्या डेटा सेंटरकडेच वळावे लागे.

सेवा किती टक्के वेळ चालू राहील याची हमी करारात असते. त्या टक्केवारीवर फार विसंबू नये. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. एकमेकींवर अवलंबून असलेल्या अशा दोन सेवा असतील तर हिशेब साडेसतरा तासांवर जातो. हमी मोडल्यास मिळते ती पुढच्या बिलातली सूट. बुडालेल्या धंद्याची भरपाई त्यात नसते.

खर्चाची बाजू जोखमीशी थेट जोडलेली आहे. एक किंवा तीन वर्षांची बांधिलकी स्वीकारली की ॲमेझॉन ७२ टक्क्यांपर्यंत सवलत देते. बचत खरी आहे, पण तेवढ्या काळासाठी बाहेर पडण्याचा मार्गही अरुंद होतो. डेटा आत नेणे बहुधा फुकट असते, बाहेर काढताना दर गिगाबाइटमागे पैसे पडतात. २०२४ मध्ये गुगल, ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांनी सेवा सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ करण्याचे जाहीर केले. रोजच्या वाहतुकीवरचे शुल्क मात्र कायम आहे, त्यामुळे दोन रीजनमध्ये प्रती ताज्या ठेवण्याचे बिल दरमहा येतच राहते.

कधी सेवा तांत्रिक कारणाविनाही थांबते. रोझनेफ्ट या रशियन तेल कंपनीची मोठी भागीदारी असलेल्या भारतातील नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीवर युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये निर्बंध लादले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिची ईमेल, टीम्स आदी सेवा बंद केल्या. सॉफ्टवेअरचे पैसे भरलेले होते. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, ईमेलसाठी रेडिफचा आधार घेतला आणि महिनाअखेरीस सेवा परत मिळाल्या.

यावर ‘मल्टिक्लाउड’, म्हणजे सगळी यंत्रणा दोन पुरवठादारांकडे एकाच वेळी चालवणे, हा उपाय वारंवार सुचवला जातो. बहुतेक मध्यम कंपन्यांना तो परवडत नाही. दोन्हींकडचे कुशल मनुष्यबळ लागते, आणि दोन्हींकडे सारख्या असतील तेवढ्याच सोयींवर भागवावे लागते. त्याआधी करण्याजोगे बरेच स्वस्त काम आहे. एक बॅकअप वेगळ्या मालकीच्या जागी आणि वेगळ्या पासवर्डखाली ठेवावा. डोमेन नावाची नोंदणी व कूटबद्धतेच्या (एन्क्रिप्शनच्या) चाव्या मूळ क्लाउड खात्यात ठेवू नयेत. तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर रिस्टोअर करून किती तास लागतात ते घड्याळ लावून पाहावे. ‘चार तासांत उभे राहू’ असे कागदावर लिहिलेल्या कंपनीला नुसता डेटा उतरवून घ्यायलाच दोन दिवस लागू शकतात, आणि हे पहिल्या चाचणीतच कळते. कोड स्पेसेस या कंपनीचे बॅकअप मूळ डेटाच्याच ॲमेझॉन खात्यातून हाताळता येत होते. जून २०१४ मध्ये हल्लेखोराने खात्याचा ताबा मिळवून ते पुसले आणि कंपनीला धंदाच गुंडाळावा लागला.

नियामकही आता बाहेर पडण्याची योजना मागतात. रिझर्व्ह बँकेचे आयटी सेवांच्या आउटसोर्सिंगविषयीचे निर्देश १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहेत. बँकांनी पुरवठादार सोडण्याची रीत आधीच ठरवावी आणि त्याच्या तपासणीचा हक्क करारात राखावा, असे ते सांगतात. युरोपीय संघाचा डेटा कायदा सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून पुरवठादार बदलण्याचे शुल्क त्यानुसार १२ जानेवारी २०२७ पासून पूर्णपणे बंद व्हायचे आहे. भारतात बँका व भांडवल बाजाराबाहेरच्या लहान उद्योगांवर असे बंधन नाही. त्यांना ही कलमे करारात स्वतःच मागून घ्यावी लागतात.