खडककारक खनिजांची ओळख

खडक ज्या खनिजांचे बनलेले असतात, त्यांना खडककारक खनिजे म्हणतात. आजवर पाच हजारांहून अधिक खनिजांची नोंद झाली असली, तरी फेल्स्पार, क्वॉर्ट्झ, पायरोक्सीन, अँफिबोल, अभ्रक, ऑलिव्हीन आणि कॅल्साइट एवढी ओळखता आली की बहुतेक खडकांची प्राथमिक पारख जागेवरच करता येते. भूकवचाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या फेल्स्पार गटाचा आहे.

ओळखीसाठी रंगावर विसंबणे धोक्याचे असते. क्वॉर्ट्झ रंगहीन, दुधी, गुलाबी वा जांभळे असू शकते. उलट काळसर दिसणारे हेमॅटाइट खरबरीत चिनी मातीच्या फरशीवर घासले की तांबडाच कस (भुकटीचा रंग) उमटतो. कठिनता व पाटन, म्हणजे ठरावीक दिशांनी सपाट फुटण्याची प्रवृत्ती, हे अधिक भरवशाचे गुणधर्म होत. कठिनतेसाठी फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली १ ते १० अशी श्रेणी वापरतात; तीत नख सुमारे २.५ आणि काच सुमारे ५.५ येते. पायरोक्सीन व अँफिबोल ही दोन्ही काळपट खनिजे सहज गोंधळात टाकतात, परंतु पहिल्याची पाटने जवळजवळ काटकोनात, तर दुसऱ्याची सुमारे ५६ व १२४ अंशांत छेदतात.

महाराष्ट्रातील बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या पांढऱ्या स्फटिकांना सरसकट गारगोटी म्हटले जाते, प्रत्यक्षात त्यांत निरनिराळी खनिजे असतात. काचेवर ओरखडा उठवणारे, पाटन नसलेले व शिंपल्यासारखे वक्र फुटणारे ते क्वॉर्ट्झ (कठिनता ७). कॅल्साइट (३) चाकूने सहज ओरखडले जाते, त्याचे तिरकस ठोकळ्यांसारखे तुकडे पडतात व विरल हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकताच ते फसफसते. स्टिल्बाइटही चाकूने ओरखडले जाते. मात्र ते अम्लात फसफसत नाही आणि त्याच्या एकाच उत्तम पाटनपृष्ठावर मोत्यासारखी चमक दिसते. परीक्षेसाठी पृष्ठभाग नेहमी ताजा फोडलेला घ्यावा, कारण झिजलेल्या पृष्ठावरचा मऊपणा मूळ खनिजाचा नसतो.

ज्या बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेजचे (फेल्स्पार गटातील एका खनिजाचे) मोठे स्फटिक असतात, तेथे त्यांच्या पाटनपृष्ठावरील बारीक समांतर रेषा भिंगातून दिसतात. एरवी या खडकाचे कण इतके सूक्ष्म असतात की सुमारे ०.०३ मिमी. जाडीचा पातळ छेद घासून तो ध्रुवण (एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश वापरणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो.