टायर गोटा झाला का म्हातारा झाला?

आपल्याकडं टायर बदलाची गोष्ट निघाली का जो तो नक्षीच पाह्यते. नक्षी आहे ना, मंग चालते अजून दोन वर्षं. मीही हेच म्हणत होतो, मागच्या मे महिन्यात यवतमाळहून वणीले जाताना मारेगावच्या अलीकडं टायर पंक्चर झाला अन् डिक्कीतली स्टेपनी काढली तवापर्यंत. स्टेपनी कोरीकरकरीत, कधीच न लावलेली, रबराचे बारीक केसंसुद्धा जागच्या जागी. दहा-बारा किलोमीटर गेलो नसन तं मागून धपधप आवाज, उतरून पाहतो तं वरचा पट्टा साल निघाल्यासारखा सुटला होता अन् आतली तार दिसत होती. मागच्या सीटवर माय अन् पोरगी. हात थरथरत होते माझे. बाजूवरचा चार आकडी कोड तवा पाहिला, 3611. म्हणजे 2011 सालच्या 36व्या आठवड्यात बनलेला टायर.

तं भाऊ, घासलेला टायर वेगळा अन् म्हातारा टायर वेगळा.

घासलेला म्हणजे ज्याले आपण गोटा झाला म्हणतो. हा चालून चालून होते. याचा धोका पावसात, कारण रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकाले खाचा लागतात, त्या नसल्या का गाडी पाण्यावर तरंगते अन् ब्रेक दाबून काही होत नाही. हा ओळखणं सोपं आहे, खाचेच्या तळाशी रबराची छोटी उंच पट्टी असते, नक्षी तिच्या बरोबरीले आली का टायर संपला. कारचा हिशोब 1.6 मिलिमीटरचा, पण मी पावसाळ्यात तेवढी वाट पाहत नाही.

म्हातारा टायर चालण्यानं नाही, उभ्या उभ्या होते. ऊन अन् हवा रबर कडक करते, अन् आपल्याकडं 45-46 डिग्री म्हणजे काय ते सांगाची गरज नाही. लग्नाकार्यालेच निघणारी गाडी, अंगणात उन्हात उभी, वर्षाचे 3000 किलोमीटर, तिची नक्षी शाबूत राह्यते म्हून तर माणूस फसते. याची खूण बाजूले दिसते. चाक थोडं फिरवा अन् बारीक चिरा पाहा, खाचेत नख दाबा, नव्यात रुतते, म्हाताऱ्यात दगडावर दाबल्यासारखं लागते. कुठं फुगा आला असन तं विचारच करू नका. टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा अन् दहा वर्षांनी नक्षी कशीही असो काढून टाका म्हणतात. दहा वर्षं उन्हात उभ्या गाडीले मले जास्तच वाटतात, मी सात धरतो.

ऑस्ट्रियात बर्फासाठी वेगळे टायर लावतात, अन् तिथं त्या टायरची नक्षी 4 मिलिमीटरच्या खाली गेली का तो हिवाळी टायर म्हून कायद्यानं चालत नाही. ते रबर थंडीत मऊ राहावं म्हून बनवतात, म्हणजे तिथंही खोली अन् मऊपणा हे दोन्ही पाहाच लागते.

नवा टायर घेतानाही कोड पाहा. मले तालुक्याच्या दुकानात नवा म्हून चार वर्षं पडून असलेला दाखवला होता, मी परत केला.

आता नक्षी मी मृगाच्या आधी पाहतो, चिरा होळीच्या आधी, अन् स्टेपनी दोन्ही वेळेस बाहेर काढतो.