पार्श्वभूमी : दोन सेकंदांचा तुकडा

क्रीडा-व्हिडिओचं इंटरॅक्टिव्ह स्ट्रीमिंग (प्रेक्षकाला हवं ते निवडू देणारं प्रक्षेपण) आणि त्यातला शोध (हवा तो क्षण हुडकणं) या विषयावरचे पीएच.डी.चे प्रबंध वाचताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'सेगमेंट' या शब्दाने. नेटवर्कच्या प्रकरणात सेगमेंट म्हणजे सर्व्हरवर पडलेली एक छोटी फाइल. शोधाच्या प्रकरणात तोच शब्द, उदाहरणार्थ फुटबॉलमध्ये, 'कॉर्नर घेतला तिथपासून हेडर जाळ्यात गेला तिथपर्यंत' अशा खेळाच्या भागासाठी येतो. एकाच प्रबंधात हे दोन अर्थ चाळीसेक पानांच्या अंतराने सुखाने नांदतात, आणि वाचणारा मात्र मागे जाऊन शब्दार्थसूची बघत बसतो. ही निव्वळ शब्दांची हेळसांड नाही. सामना नेमका कुठे कापायचा, या जुन्या भांडणाची ती खूण आहे.

फार मागचा इतिहास थोडक्यात उरकतो. ७ डिसेंबर १९६३ ला अमेरिकेत लष्कर आणि नौदलाच्या अकादम्यांमधल्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात नुकताच घडलेला टचडाउन (गुण मिळवून देणारी चाल) लगेच पुन्हा दाखवला, तेव्हा 'हे थेट नाही, पुन्हा गुण झालेले नाहीत' असं समालोचकाला ओरडून सांगावं लागलं. ५ सप्टेंबर १९९५ ला सिएटल विरुद्ध न्यूयॉर्क हा बेसबॉलचा सामना इंटरनेटवर नुसता ऐकू आला. चित्रासह थेट बेसबॉल सामना दिसायला ऑगस्ट २००२ उजाडला. शोधाची वाट तोवर वेगळीच चालली होती. १९९५ च्या सुमारास मैदानावरच्या पांढऱ्या रेषांवरून खेळ कुठल्या भागात चाललाय ते ओळखायचे प्रयत्न सुरू झाले. २००० मध्ये बेसबॉलचे रंगतदार क्षण समालोचकाच्या चढलेल्या आवाजावरून आणि बॅटला चेंडू लागल्याच्या 'टक्'वरून शोधले गेले. २००३ मध्ये हिरव्या रंगाचं प्रमाण, स्लो मोशन आणि रेफ्रीच्या वेगळ्या रंगाचा शर्ट यांच्या जोरावर फुटबॉलचा सारांश आपोआप काढून दाखवला गेला. या मंडळींना व्हिडिओ घरापर्यंत कसा पोचतो याच्याशी देणंघेणं नव्हतं. पोचवणाऱ्यांना त्यात काय आहे याच्याशी नव्हतं.

दोन्ही वाटा एकत्र आल्या २००७ ते २०१४ या काळात, आणि माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास तिथेच सुरू होतो.

कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात तेव्हा प्रेक्षकाला मोठ्या चित्रातला हवा तो भाग निवडू देण्यावर काम चाललं होतं. पूर्ण मैदानाचं चित्र फरशांमध्ये, म्हणजे छोट्या चौकोनांत, वाटायचं आणि प्रेक्षक बघतोय तेवढ्याच फरशा पाठवायच्या. अडचण अशी की प्रेक्षकाने बोट फिरवल्यावर मागणी केली तर फरशी येईपर्यंत चेंडू पुढे गेलेला असतो. म्हणून बोट पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधून फरशा आधीच मागवायच्या, आणि अंदाज चुकला तर सगळ्या मैदानाचं जे छोटं, कमी दर्जाचं चित्र सतत येत असतं त्याचाच तो भाग ताणून दाखवायचा. क्षणभर धूसर दिसतं, पण काळी खिडकी दिसत नाही. हाच उपाय पुढे ३६० अंशांच्या व्हिडिओत सर्रास वापरला गेला.

दुसरं ठिकाण नॉर्वेतलं ट्रोम्सो. आर्क्टिक वृत्ताच्याही वर असलेल्या या शहरात आल्फहाइम नावाचं स्टेडियम आहे. तिथे कॅमेऱ्यांची रांग लावून सगळं मैदान एका सलग चित्रात शिवलं गेलं, आणि यजमान संघाच्या खेळाडूंच्या कमरेच्या पट्ट्यात सेन्सर बसवले. सेन्सर सेकंदाला अनेकदा जागा कळवतात, त्यामुळे 'उत्तरार्धात अमुक बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या १८ यार्डांच्या पेटीत कधी कधी होता' असं विचारलं की तेवढेच क्षण समोर यायचे. कॅमेऱ्याचं चित्र ओळखण्याची गरजच नव्हती, जागेच्या आकड्यांवरून काम भागायचं. गोम एकच, पाहुणा संघ पट्टा कशाला बांधेल? २८ नोव्हेंबर २०१३ ला लंडनचा एक मोठा क्लब तिथे युरोपीय स्पर्धेचा सामना खेळून २-० जिंकून गेला. त्या सामन्याचा डेटा संशोधकांसाठी खुला आहे, पण जागेचे आकडे फक्त हरलेल्या संघाचे आहेत. स्पर्धात्मक सामन्यांत अशी उपकरणं अंगावर बाळगायला फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी सर्वसाधारण मोकळीक दिली ती २०१५ मध्ये.

तिथलंच आणखी एक काम मला फार आवडतं. पूर्वी प्रशिक्षकाचा सहायक कागदावर वेळ टिपायचा आणि सामन्यानंतर टेप मागेपुढे करत बसायचा. २०१२ च्या सुमारास त्याच्या हातात फोन दिला गेला. काहीतरी लक्षात ठेवण्याजोगं घडून गेलं की त्याने खेळाडू आणि प्रकार निवडायचा. यंत्रणा त्या क्षणापासून मागचे काही सेकंद कापून ठेवते. घडण्याआधी बटण दाबायची गरज नाही. क्रिकेटमध्ये डीआरएसची खूण कर्णधार चेंडू पडून गेल्यावरच करतो, तसंच हे.

आता मूळ भांडणाकडे. ट्रोम्सोच्या याच संशोधकांनी २००९ च्या आसपास शोधावर चालणारी एक यंत्रणा केली होती. 'हेडरने झालेले गोल' असं टाइप केलं की वेगवेगळ्या सामन्यांतले तेवढे प्रसंग एकामागून एक वाजायचे. त्यासाठी नवा व्हिडिओ बनवला जात नसे. आधीच पडून असलेल्या तुकड्यांची नुसती यादी तयार व्हायची. तुकडा ठेवला होता दोन सेकंदांचा.

दोनच का, यावर नेटवर्कवाल्यांचा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. तुकडा स्वतंत्रपणे वाजायचा तर त्याची सुरुवात पूर्ण चौकटीने (चौकट म्हणजे फ्रेम, व्हिडिओतलं एक स्थिर चित्र) व्हावी लागते. बाकीच्या चौकटी फक्त आधीपेक्षा काय बदललं तेवढं साठवतात. पूर्ण चौकट वजनाने जड. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर दोन सेकंदांच्या तुकड्यात दर ५० चौकटींमागे एक जड चौकट येते, दहा सेकंदांच्या तुकड्यात २५० मागे एक. शिवाय ९० मिनिटांच्या सामन्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे होतात ५४०, दोन-दोनचे २,७००. नेटच्या वेगानुसार निवडायला सहा दर्जांच्या प्रती ठेवल्या तर १६,२००. त्यावर ६४ फरशा केल्या तर आकडा दहा लाखांच्या पलीकडे जातो, आणि प्रत्येक तुकड्यासाठी फोन सर्व्हरला वेगळी हाक मारणार. २००९ मध्ये फोनसाठी आलेल्या एका लोकप्रिय स्ट्रीमिंग पद्धतीने दहा सेकंदांची शिफारस केली ती अशा हिशेबातून. (२०१६ मध्ये ती सहावर आली.) २०१२ चं स्ट्रीमिंगचं आंतरराष्ट्रीय प्रमाण, ज्याला डॅश म्हणतात, त्याने तर लांबी ठरवायचं काम ज्याच्या त्याच्यावर सोडून दिलं.

पण दहा सेकंदांचा तुकडा शोधाच्या उपयोगाचा नाही. गोल त्यातल्या नवव्या सेकंदाला असेल तर आधीचा थ्रो-इन, पाणी पिणारा गोलरक्षक, सगळं बघावं लागतं. आणि गोल दोन तुकड्यांच्या सांध्यावर पडला तर वीस सेकंद. थेट सामन्यात तर आणखी पंचाईत. व्हिडिओ वाजवणारं अॅप (प्लेअर) शेवटचे तीन तुकडे हाताशी ठेवून चालतो, म्हणजे दहाच्या हिशेबाने अर्धा मिनिट उशीर तिथेच. समोरच्या बिल्डिंगमध्ये डिशवर सामना चालू असेल तर विकेट पडल्याची आरोळी आधी येते आणि आपल्या फोनवर गोलंदाज अजून चेंडू पुसत असतो, ती ही गोष्ट. दोन सेकंदांसाठी वजनाची किंमत मोजणाऱ्यांचं गणित माझ्या मते बरोबर होतं. नेटवर्क सुधारत जाणार होतं, प्रेक्षकाचा धीर नव्हे.

त्यांचा खरा कच्चा दुवा दुसरीकडे होता. सुरी दोन सेकंदांची, पण मोजपट्टी मिनिटाची! कुठल्या तुकड्यात काय आहे ते कळायचं वेबसाइटींवरच्या लेखी समालोचनातून, आणि तिथे लिहिलेलं असतं '३८ वं मिनिट, कॉर्नर'. एका मिनिटात तुकडे तीस. नेमका कुठला, हे शेवटी माणसालाच बघावं लागायचं किंवा पडद्यावरचं घड्याळ वाचून काढावं लागायचं.

क्रिकेटचं या बाबतीत बरं आहे. १४.३ म्हटलं की पंधराव्या षटकाचा तिसरा चेंडू, त्यात वाद नाही. हैदराबादच्या एका संस्थेत २००६ मध्ये चेंडूगणिक लिहिलेल्या समालोचनाच्या आधारे सामन्याचा व्हिडिओ कापून दाखवला गेला, आणि २०१५ मध्ये त्याच मार्गाने फटक्यांच्या प्रकारांपर्यंत मजल गेली. कबड्डीत तर चढाईच ३० सेकंदांची, कापायची खूण नियमातच दिलेली. फुटबॉल मात्र वाहता खेळ, त्याला असे सांधे नाहीत.

म्हणूनच २०१८ मध्ये फुटबॉलचा ५०० सामन्यांचा, ७६४ तासांचा मोठा संग्रह खुला झाला तेव्हा आधी व्याख्या करावी लागली. घटना म्हणजे लांबी असलेला भाग नव्हे, एकच क्षण. गोल म्हणजे चेंडू रेषेपार गेला तो क्षण. कार्ड म्हणजे रेफ्रीने ते दाखवलं तो. बदली म्हणजे नवा खेळाडू मैदानात आला तो. तीन प्रकारांच्या ६,६३७ घटना, म्हणजे सरासरी सात मिनिटांना एक. त्यांच्याही वेळा आधी मिनिटाच्याच होत्या, माणसांनी बसून सेकंदावर आणल्या. सुरुवातीला संगणकाचं उत्तर एका मिनिटापर्यंत चुकलं तरी गुण मिळायचे. २०२१ पर्यंत प्रकार १७ झाले आणि पुढे कसोटी एक ते पाच सेकंदांवर आली.

पोचवणाऱ्यांकडेही दरम्यान तुकड्याचे उपतुकडे पडले. २०१८ चं सामाईक फाइल-प्रमाण आणि २०१९ च्या कमी उशिराच्या पद्धतीत पूर्ण तुकडा तयार व्हायची वाट न बघता त्याचा सेकंदाहून लहान भाग पुढे ढकलता येतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादचा क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना एका वेळी ५.९ कोटी लोकांनी भारतात स्ट्रीमिंगवर पाहिला. त्याच वर्षी आयपीएल मराठी समालोचनासह आणि वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या पर्यायांसह फोनवर आली. मात्र उपतुकड्याची सुरुवात पूर्ण चौकटीनेच होईल असं नाही, आणि उडी मारायची तर पूर्ण चौकटच लागते. त्यामुळे 'विकेट पुन्हा बघा' दाबल्यावर व्हिडिओ सुरू होतो तो कधी गोलंदाज रन-अपच्या टोकाकडे चालत निघालेला असताना, तर कधी त्याचा हात वर गेल्यावर.