सी-थ्री कॉर्व्हेट: दुरुस्ती आणि बदलांमागचा इतिहास

१९६८ ते १९८२ या काळात शेवरलेने जी कॉर्व्हेट विकली, लांबलचक बोनेट, कमरेत बारीक, छताचे दोन तुकडे काढून ठेवता येतात अशी, तिला सगळे सी-थ्री म्हणतात, म्हणजे तिसरी पिढी. ५ लाख ४० हजारांहून जास्त गाड्या बनल्या, त्यामुळे इकडे अमेरिकेत ती अजून सहज मिळते आणि जुन्या कॉर्व्हेटमध्ये खिशाला झेपणारी बहुतेक वेळा हीच असते. पण घेणारे लोक रंग विचारतात, हॉर्सपॉवर विचारतात, आणि वर्ष विचारायचं शेवटी आठवतं. माझ्या मते आधी वर्ष विचारा, कारण या गाडीचं जवळपास प्रत्येक दुखणं आणि तिच्यात होणारा प्रत्येक बदल कुठल्या ना कुठल्या वर्षाच्या निर्णयातून आलाय, कधी कारखान्यातल्या, कधी थेट वॉशिंग्टनमधल्या.

सुरुवात बॉडीपासून. कॉर्व्हेट १९५३ ला फ्लिंटमध्ये बनायला लागली तेव्हा पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या, आणि एवढ्याशा गाड्यांसाठी पत्रा दाबायचे महागडे साचे कोण करणार, म्हणून फायबर ग्लास. ती पद्धत पुढे कायम राहिली आणि त्यातूनच मोठा गैरसमज झाला की ही गाडी सडत नाही. बाहेरचं फायबर नाही सडत हो, पण आत पुढच्या काचेभोवती, दाराच्या खांबांना आणि मागे छताखाली एक लोखंडी सांगाडा आहे, त्याला बर्डकेज म्हणतात, आणि तो बाहेरून अजिबात दिसत नाही. काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, खांबातून खाली उतरतं आणि पायाजवळच्या कोपऱ्यात साचतं. पेंट चकाचक, आणि आत गंज. म्हणून घेताना काचेच्या कडेच्या पट्ट्या आणि पायाजवळचं प्लॅस्टिक उघडून बॅटरी मारून बघायचं, आणि मागच्या चाकाच्या पुढे चेसी जिथे वर वळते तिथे हातोडीने हलकं ठोकून बघायचं. मालक उघडू देत नसेल तर तिथूनच परत फिरा, इंजिन सुधारता येतं, सांगाडा सडला की सगळी बॉडी उचलावी लागते.

बॉडी नवी होती पण खालचं सगळं जुनं होतं. बिल मिचेल यांच्या डिझाइन विभागात लॅरी शिनोडा यांनी मॅको शार्क टू नावाची शो-कार काढली, १९६८ ची गाडी त्यावरून आली, मात्र चेसी आणि सस्पेन्शन १९६३ च्या स्टिंग रेचंच, म्हणजे आधीच्या पिढीच्या कॉर्व्हेटचंच राहिलं, इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्या हाताखालचं. मागची दोन्ही चाकं स्वतंत्र, आणि दोघांमध्ये मिळून एकच आडवा पाटा. त्या काळातल्या अमेरिकन गाड्यांत हे फार पुढचं काम होतं आणि आजही चालवताना ते कळतं, पण मेकॅनिकला ते महागात पडतं. मागच्या चाकाचं बेअरिंग शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून अगदी बारीक फटीवर बसवलेलं असतं, स्पिंडल दाबून बसवलेलं, खास टूलशिवाय निघत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कोणी त्याला हातच लावत नाही. ते बेअरिंग ज्याच्यावर बसतं तो ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाकाला चेसीशी जोडणारा दांडा, बाहेर काढायचा तर पुढचा बोल्ट चेसीच्या खाचेत आतल्या बुशला गंजून चिकटलेला असतो, तेल सोडून, गरम करून काही उपयोग होत नाही, शेवटी आर्म आणि चेसीमधल्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापतात. आणि त्याच फटीत मागच्या चाकांच्या अलाइनमेंटच्या शिमा असतात, त्या कुठे किती होत्या हे लिहून ठेवलं नाही तर गाडी नंतर रस्त्यावर सरळ चालत नाही. हे काम आर्म काढून जाणत्या माणसाकडेच द्यावं असं मी सगळ्यांना सांगतो.

ब्रेकचंही तसंच. १९६५ पासून चारी चाकांना डिस्क, प्रत्येक कॅलिपरमध्ये चार पिस्टन, स्पेसिफिकेशन झकास. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि गाडी उभी राहिली की कास्ट आयर्नच्या सिलिंडरला आतून खड्डे पडतात, मग सील कितीही नवे टाका, गळती थांबत नाही. यावर उपाय निघाला तो स्टेनलेस स्टीलच्या स्लीव्हचा, आणि आता तो बदल इतका सर्रास झालाय की कोणी त्याला मॉडिफिकेशन म्हणतच नाही.

आता इंजिन, खरी गोष्ट इथे आहे. १९७० ला कॉर्व्हेटमध्ये मिळणारं एलटी-वन नावाचं इंजिन ३७० हॉर्सपॉवरचं होतं. त्याच वर्षी क्लीन एअर कायदा कडक झाला, शिसं नसलेलं कमी ऑक्टेनचं पेट्रोल येणार हे दिसत होतं, म्हणून १९७१ ला जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन खाली आणलं आणि तेच एलटी-वन ३३० वर आलं. १९७२ ला कागदावर २५५! पण यातली बरीचशी घट मोजण्याच्या पद्धतीची आहे हे लक्षात घ्या, आधी नुसतं इंजिन बाकावर ठेवून मोजायचे, आता अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर सगळं लावून मोजायला लागले. १९७३ ला अपघाताच्या नियमामुळे पुढचा क्रोम बंपर गेला, १९७४ ला मागचा, आणि त्याच वर्षानंतर ४५४ क्युबिक इंचाचं मोठं इंजिन, बिग ब्लॉक, बंद. १९७५ ला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, दोन पाइप मधे एकत्र करून एकाच कन्व्हर्टरमधून काढले, आणि साधी कॉर्व्हेट १६५ हॉर्सपॉवरला येऊन पोचली.

गंमत अशी की लोकांनी तरीही ती घेतली, १९७९ ला ५३,८०७ गाड्या, कॉर्व्हेटच्या इतिहासात एका मॉडेल वर्षाचा सगळ्यात मोठा आकडा.

त्या कन्व्हर्टरचा परिणाम तर आजच्या ऑइलच्या डब्यापर्यंत येतो. जुन्या व्ही-एटमध्ये व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर सपाट तळाचे फ्लॅट टॅपेट घासतात आणि त्यांना वाचवायला ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस लागतं. फॉस्फरस कन्व्हर्टरला मारतं, म्हणून नव्या गाड्यांच्या ऑइलमधून ते टप्प्याटप्प्याने कमी केलं, २००४ च्या स्टँडर्डनंतर तर बरंच. म्हणजे सुपरमार्केटमधलं चांगलं, महागडं, नवीन ऑइल या इंजिनला पुरेल असं नाही, विशेषतः नवा कॅम टाकला असेल तर पहिल्या काही मिनिटांत तो खलास होऊ शकतो. जुन्या इंजिनांसाठीचं जास्त झिंकवालं ऑइलच घ्यायचं. तसंच आताच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, जुने रबरी पाइप त्याने फुगतात, तडकतात, ते आधी बदला, आग लागल्यावर फायबर ग्लास थांबत नाही.

याच इतिहासावरून काय बदलायचं आणि काय नाही हेही ठरतं. १९६८ ते ७२ च्या क्रोम बंपरवाल्या गाडीत मूळ इंजिन असेल, ब्लॉकवरचे आकडे गाडीच्या नंबरशी जुळत असतील, तर तिला कापू नये. एनसीआरएस ही रिस्टोरर लोकांची संस्था १९७४ पासून आहे आणि ते गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे का एवढंच बघतात, अगदी बोल्टच्या डोक्यावरच्या खुणांपर्यंत. पेट्रोलच्या टाकीच्या वर कारखान्यात एक कागद चिकटवलेला असायचा, त्यात ती गाडी कोणत्या ऑप्शननी बनली ते सगळं, आणि टाकी खाली उतरवल्यावर तो अर्धा का होईना वाचता आला की खऱ्या-खोट्याचा निकाल लागतो.

७५ ते ८२ च्या गाड्यांना मात्र मोकळ्या मनाने हात लावावा, कारण त्यांचं इंजिन नियमांनी बांधलेलं होतं, गाडी नव्हे. चांगले हेड, कॅम, पाच गियरचा बॉक्स, कारण मूळ चार गियरवर हायवेला इंजिन ३००० च्या आसपास ओरडत राहतं. काही जण तर आजच्या जमान्यातलं जनरल मोटर्सचं एलएस इंजिनच बसवतात. फक्त राज्य बघा, कॅलिफोर्नियात १९७५ आणि आधीच्या गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, माफ आहे, १९७६ पासून पुढे नाही, म्हणून तिथे ७५ आणि ७६ या दिसायला जवळपास सारख्या गाड्यांमध्ये मॉडिफाय करणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कारखान्यानेही शेवटी हेच केलं, १९८२ ला इंजेक्शन आणि चार गियरचा ऑटोमॅटिक दिला, त्याआधी १९८१ ला काही गाड्यांत लोखंडी पाट्याऐवजी फायबरचा पाटा, आणि हे दोन्ही, गियरबॉक्स आणि पाटा, आज लोक जुन्या सी-थ्रीमध्ये बसवतात.

काहीही बसवा, मूळ ब्लॉक विकू नका. तेल लावून, गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवा आणि गाडी विकाल तेव्हा सोबत द्या.