चोरलेला मजकूर इंटरनेटवरून हटवायचा आहे? नोटिशीत काय हवे, कुठे अडते

आपला लेख, छायाचित्र किंवा गाणे कुणी विनापरवानगी चढवले, तरी ते साठवणारा सेवा पुरवठादार लगेच दोषी ठरत नाही. रीतसर नोटीस मिळूनही तो गप्प बसला, तर मात्र त्याचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येते. म्हणून सगळी मदार नोटिशीवर.

भारतात कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५ पाहायचा. तक्रार लेखी हवी आणि तक्रारदार मालक किंवा अनन्य परवानाधारक हवा. मूळ कलाकृतीचे वर्णन, मालकीचा तपशील, चढवलेली प्रत कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या अपवादांत (विनापरवानगी चालणाऱ्या वापरांत) का बसत नाही हे आणि मजकुराचे ठिकाण द्यावे. चढवणारा माहीत असेल तर त्याचीही माहिती. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण प्रमाणपत्र असले की मालकी दाखवणे सोपे जाते.

बरेचदा अडते ते ठिकाणावर. ‘या चॅनेलवरची आमची सगळी गाणी काढा’ एवढ्याने भागत नाही. प्रत्येक गाण्यापुढे त्याची पूर्ण लिंक हवी. मायस्पेस या समाजमाध्यम कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये हेच धरले: मोघम याद्या दिल्या म्हणून कंपनीला उल्लंघनाची प्रत्यक्ष माहिती होती, असे होत नाही.

मुदतीची चूक त्याहून महागात पडते. सक्षम न्यायालयात दावा लावून २१ दिवसांत आदेश आणून देऊ, अशी हमी तक्रारीतच द्यावी लागते. पुरवठादाराने ३६ तासांत मजकूर बंद करायचा असतो. आदेश आला नाही तर तो पुन्हा सुरू करू शकतो. शिवाय त्याच कलाकृतीसाठी, त्याच ठिकाणाबद्दलच्या तुमच्या पुढच्या नोटिशीची दखल घेणे त्याच्यावर बंधनकारक राहत नाही. दिवस नोटीस पोचल्यापासून मोजतात, तेव्हा पोच जपा आणि दाव्याचा मसुदा तयार झाल्याशिवाय नोटीस धाडू नका.

कंपनी अमेरिकेत असेल तर डीएमसीए या तिथल्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार तिच्या नेमलेल्या एजंटकडे जायचे. त्याचे नाव तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या सूचीत सापडते. नोटिशीवर सही आणि सद्हेतूचे निवेदन लागते. चढवणाऱ्याने प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही दावा लावला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत येतो. जाणूनबुजून खोटी नोटीस दिल्यास भरपाई भरावी लागते.

कॅनडात इंटरनेट पुरवठादारावर हटवण्याची सक्तीच नाही. त्याने नोटीस ग्राहकाकडे पाठवायची आणि नोंद सहा महिने ठेवायची. नोटिशीत तडजोडीची रक्कम मागितली असेल, तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर ती नोटीस पुढे पाठवायचीही गरज नाही.