इकॉलॉजी किंवा पर्यावरण व्यवस्थापनात एमएस्सी करायचंय? पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रांचं सगळं

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण याच्यावरून मुलांचं वर्ष गेलेलं मी बघितलंय. सीयूईटी पीजीचा, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या सामायिक परीक्षेचा, फॉर्म भरला म्हणजे ॲडमिशनचा फॉर्म भरला असं नाहीये. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला पर्यावरणशास्त्राच्या पेपरला छान स्कोअर आला, घरचे खूश, आणि ही वाट बघत बसली की आता कुठल्या विद्यापीठाची यादी लागतेय. तिच्यासाठी यादी लागणारच नव्हती, कारण स्कोअर आल्यावर प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर वेगळं रजिस्ट्रेशन करायचं असतं, तिथे स्कोअर टाकायचा, कोर्स निवडायचा, दाखले चढवायचे, आणि ते ज्या दिवशी तिला कळलं त्याच्या चार दिवस आधी तारीख संपली होती. एनटीए, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा संस्था, फक्त परीक्षा घेते आणि स्कोअर देते. पीजीसाठी सगळ्या विद्यापीठांचं मिळून एक काउन्सेलिंग होत नाही, म्हणून निकालानंतर रोज दोन-चार वेबसाइट उघडून बघायची सवय लावा.

आता कोर्स. नावं इतकी सारखी असतात की मुलं नाव बघून फॉर्म भरतात आणि तिथेच चुकतं. इकॉलॉजी म्हणजे सजीव आणि त्यांचा अधिवास यांचा अभ्यास, म्हणजे क्वाड्रॅट (जमिनीवर ठेवायची चौकट) टाकून गवताच्या जाती मोजणं, ट्रान्सेक्टवर, म्हणजे आखलेल्या सरळ रेषेवर, पहाटे चालत पक्ष्यांच्या नोंदी घेणं, आणि मग संध्याकाळी खोलीवर येऊन तो डेटा आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बसणं. स्टॅटिस्टिक्स टाळता येत नाही, हे आधीच मनाशी धरा. पर्यावरण व्यवस्थापन म्हणजे माणसाच्या कामाचा परिणाम मोजणं आणि आवरणं. इथे पाण्याचा बीओडी काढायचा, म्हणजे त्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायचं (आपल्याकडे नमुना २७ अंशाला ३ दिवस ठेवतात), सांडपाणी प्रक्रिया, घनकचरा, कायदे, आणि १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचना अक्षरशः पाठ होते, कारण एखाद्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी कशी मिळते, जनसुनावणी कधी लागते हे सगळं त्यातून येतं. दोन्ही कामं फार गरजेची आहेत आणि दोन्हीकडे चांगली माणसं कमी पडतायत असं मला मनापासून वाटतं, पण ज्याला रानात रमायचंय तो लॅब आणि रिपोर्टात कंटाळतो आणि ज्याला धोरण, कायदा, कंपन्यांचं काम यात रस आहे त्याला फील्ड नकोसं होतं. त्यामुळे आधी दोन्ही कोर्सचा सिलॅबस डाउनलोड करून वाचा, मग फॉर्मला हात लावा.

पात्रता साधारण अशी असते की बीएस्सी हवी, म्हणजे बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, मायक्रो, बायोटेक, एन्व्हायर्नमेंटल सायन्स यातलं काहीतरी, बऱ्याच ठिकाणी ॲग्री, फॉरेस्ट्री आणि इंजिनिअरिंगवालेही चालतात. मार्कांची अट बहुतेक जागी खुल्याला ५० ते ५५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला थोडी कमी. शेवटच्या वर्षाला असणारे अर्ज करू शकतात. पण 'सायन्स ग्रॅज्युएट' एवढंच वाचून थांबू नका, खाली बारीक अक्षरात अमुक विषय पदवीला असलाच पाहिजे किंवा बारावीला गणित हवं असलं काहीतरी असू शकतं, आणि ते फॉर्म भरताना सिस्टीम अडवत नाही, पडताळणीला गेल्यावर माणूस अडवतो.

सीयूईटी पीजीतून जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, बीएचयू, पाँडिचेरी अशा केंद्रीय विद्यापीठांचे दरवाजे उघडतात. पाँडिचेरीला तर इकॉलॉजी अँड एन्व्हायर्नमेंटल सायन्सेस असा विभागच आहे. २०२५ पासून पेपर ९० मिनिटांचा, ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकलं की १ वजा. प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात, मराठीत नाही, म्हणून मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी निदान संज्ञा तरी इंग्रजीत करून ठेवाव्यात, विषय येत असूनही शब्द न कळल्यामुळे मार्क जातात याचं फार वाईट वाटतं. वयाची अट परीक्षेला नाही. परीक्षा अलीकडे मार्चमध्ये होतेय, म्हणजे अर्ज त्याच्याही दोन-तीन महिने आधी, ऐन थंडीत निघतो. ज्यांना वाटतं की शेवटचं सेमिस्टर संपू दे मग बघू, त्यांच्यासाठी तोपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

सीयूईटीच्या बाहेरही बरंच आहे. देहरादूनच्या एफआरआयला, म्हणजे वन संशोधन संस्थेला, एन्व्हायर्नमेंट मॅनेजमेंटचा आणि फॉरेस्ट्रीचा एमएस्सी आहे, प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची, आणि तिच्यात विज्ञानासोबत अंकगणित, इंग्रजी, चालू घडामोडी असंही येतं, त्यामुळे फक्त इकॉलॉजीचं पुस्तक घेऊन बसू नका. देहरादूनलाच भारतीय वन्यजीव संस्था आहे, वाइल्डलाइफ सायन्सवाली. बंगळुरूच्या एनसीबीएसचा (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचा) वन्यजीवशास्त्र आणि संवर्धनाचा एमएस्सी दरवर्षी नाही, एक वर्षाआड प्रवेश देतो आणि मोजकीच मुलं घेतो, तेव्हा आपलं पदवीचं वर्ष आणि त्यांचं वर्ष जुळतंय का ते आत्ताच बघून ठेवा. भोपाळच्या आयआयएफएमला, म्हणजे भारतीय वन व्यवस्थापन संस्थेला, फॉरेस्ट्री मॅनेजमेंटचा एमबीए आहे, तिथे कॅट किंवा झॅटसारख्या मॅनेजमेंट प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागतो, आणि पदवी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे कॉमर्स-आर्ट्सच्या मुलांना या क्षेत्रात यायचं असेल तर तो एक रस्ता आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून घेतो, आणि गरवारे कॉलेजला बायोडायव्हर्सिटीचा एमएस्सी आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे. घर सोडून लांब जाणं जमणार नसेल तर हे पर्याय कमी समजू नका, सह्याद्री हाकेच्या अंतरावर आहे.

कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण खरी गाडी इथेच अडते. दहावीचं मार्कशीट आणि सर्टिफिकेट, बारावीचं मार्कशीट, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरची मार्कशीटं, आधार, फोटो, सही, एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा नंबर), हे सगळ्यांकडे असतं. अडतो तो जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. आपल्याकडे सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून जो नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात नसल्याचा) दाखला मिळतो तो राज्याच्या नमुन्यातला असतो, राज्यातल्या कॉलेजांना तो चालतो, पण केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-एनसीएल, म्हणजे ओबीसी नॉन-क्रिमीलेअर, दाखला लागतो, आणि हे दोन वेगवेगळे कागद आहेत. अर्ज करतानाच 'केंद्र शासनासाठी' असं सांगून मागा. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा, वर केंद्र सरकारच्या नोकरी आणि शिक्षणासाठी असा उल्लेख आहे का, जातीचा केंद्रीय यादीतला ठराव लिहिलाय का, तारीख आणि सही-शिक्का नीट आहे का. बऱ्याच विद्यापीठांना तो चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला लागतो, म्हणून गेल्या वर्षीचा दाखला फाइलमध्ये आहे म्हणून निवांत राहू नका. क्रिमीलेअर ठरवताना आई-वडिलांचा हुद्दा आणि सलग ३ वर्षांचं उत्पन्न बघतात, मर्यादा ८ लाखांची, आणि केंद्राच्या नियमात त्या उत्पन्नात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. हे माहीत नसल्यामुळे कित्येक पात्र मुलं खुल्यातून फॉर्म भरतात.

राज्यातला प्रवर्ग केंद्रात तसाच असेल असंही धरून चालू नका. राज्यात व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) वेगळा आहे, केंद्रात तसा प्रवर्ग नाही, त्यातल्या बऱ्याच जाती तिथल्या ओबीसी यादीत येतात, आपली जात त्या यादीत आहे का ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या साइटवर बघायचं. एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचा) दाखला केंद्रीय विद्यापीठात चालत नाही कारण ते आरक्षण राज्याचं आहे, पण अटीत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढता येतो. ईडब्ल्यूएसला मात्र उलटं आहे, तिथे शेती, पगार, धंदा सगळं धरून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि ५ एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, मिळत नाही. कोरडवाहू ५ एकरवाल्याला हे ऐकून त्रास होतो, मला पण होतो, पण नियम असा आहे.

दुसरी अडचण नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि आधारवर आपलं नाव आधी. फॉर्ममध्ये दहावीच्या सर्टिफिकेटवर जसं आहे तसंच टाका, स्पेलिंगसकट. एका मुलाच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव दत्तात्रय होतं आणि पदवीच्या मार्कशीटवर दत्तात्रेय, इंग्रजीत एका अक्षराचा फरक, त्याच्यासाठी त्याला ॲफिडेव्हिट करून देईपर्यंत धावपळ करायला लागली, आणि ती पण पडताळणीच्या आदल्या दिवशी. आज रात्रीच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख, आईचं नाव जुळवून बघा. फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि तो वेळ आत्ता आहे.

मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायचा दाखला, विद्यापीठातून काढावं लागतं आणि टीसी कॉलेजातून, दोन्ही निकाल लागल्यावरच मिळतात. आपल्या विद्यापीठांचे निकाल कधीकधी इतके लांबतात की तिकडचे वर्ग सुरू होतात, अशा वेळी बरीच विद्यापीठं हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश देतात आणि एक तारीख देतात, ती तारीख चुकली की प्रवेश रद्द. म्हणून हमीपत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि विभागप्रमुखांकडून 'परीक्षा दिली आहे, निकाल प्रलंबित' असं पत्र आधीच घ्या. ग्रेड पॉइंटमध्ये निकाल असेल तर टक्क्यांत रूपांतर करायचं सूत्र विद्यापीठाचंच वापरा, मनाने १० ने गुणू नका. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट.

अजून एक, ज्यांना पुढे वनसेवेत जायचंय त्यांच्यासाठी. यूपीएससीच्या आयएफएस, म्हणजे भारतीय वनसेवेच्या, परीक्षेला पदवीचे विषय ठरलेले आहेत, पशुवैद्यक, बॉटनी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, गणित, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, झूलॉजी, नाहीतर ॲग्री, फॉरेस्ट्री, इंजिनिअरिंगची पदवी. त्या यादीत एन्व्हायर्नमेंटल सायन्स नाहीये, त्यामुळे तुमची पदवी नुसती पर्यावरणशास्त्राची असेल आणि स्वप्न वनसेवेचं असेल तर ही गोष्ट एमएस्सीच्या आधी तपासा. प्राध्यापकी किंवा संशोधनाकडे जाणाऱ्यांना नेटला (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला) पर्यावरणशास्त्र हा विषय आहे, आणि गेट या राष्ट्रीय परीक्षेला इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन असा स्वतंत्र पेपर आहे, तो एमएस्सी करताना देता येतो.

जिथे मुलाखत किंवा उद्देशपत्र आहे तिथे मोठमोठी वाक्यं लिहू नका, 'लहानपणापासून निसर्गाची आवड' हे सगळेच लिहितात. तुम्ही काय बघितलंय ते लिहा. एका मुलाने गावाच्या ओढ्याबद्दल लिहिलं होतं, पावसाळ्यानंतर कुठल्या महिन्यात पाणी आटतं, आटताना डबक्यांत कुठले मासे उरतात, वाळू उपसल्यावर काय बदललं, दोन वर्षांच्या तारखा वहीत होत्या. मुलाखतीत अर्धा तास त्याला फक्त त्या वहीबद्दल विचारलं. वही नसेल तर आज सुरू करा, घरामागचं एक झाड घ्या आणि कधी पानं गळतात, कधी मोहर येतो, कोण कोण येऊन बसतं ते तारखेसकट लिहा.

पडताळणीला जाताना मूळ कागद आणि झेरॉक्सचे तीन सेट न्या, सेल्फ अटेस्टेड, म्हणजे प्रत्येक पानावर तुमची सही आणि तारीख, आणि सगळ्याचे स्कॅन मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये. जागा मिळाली की फी भरायला दोन-तीनच दिवस देतात, त्यामुळे ज्या खात्यातून भरायची त्याची ऑनलाइन ट्रान्सफरची मर्यादा आधीच वाढवून घ्या.