अॅपमधून अॅपमध्ये फोटो शेअर करणं

एका अॅपमधला फोटो, पावती, पोस्टर किंवा कुठलीही इमेज शेअरचं बटण दाबून दुसऱ्या अॅपकडे द्यायची, एवढीच ही गोष्ट, बोलताना आपण नुसतं ‘टाक ना’ म्हणतो. दादरच्या हिंदमाता मार्केटमधल्या साडीच्या दुकानातला पोरगा गॅलरीतल्या वीस साड्या गिऱ्हाइकाला टाकतो तेही हेच, आणि भाडं भरून झालं की यूपीआय अॅपमधली पावती आपण घरमालकाला टाकतो तेही हेच. फॉरवर्ड म्हणजे वेगळं, ते एकाच अॅपच्या पोटात होतं. इथे दोन अॅप्स असतात आणि मध्ये फोनची ऑपरेटिंग सिस्टिम, एजंटसारखी, आणि सगळी गंमत त्या एजंटचीच आहे.

अँड्रॉइडवर शेअर दाबलं की पहिलं अॅप सिस्टिमकडे एक चिठ्ठी देतं, तिला इंटेंट म्हणतात. चिठ्ठीत लिहिलेलं असतं की माझ्याकडे इमेज आहे, कोण घेणार. इमेज घेतो असं ज्या ज्या अॅप्सनी आधीच सांगून ठेवलंय ती सगळी हात वर करतात आणि खालून जी लिस्ट वर येते ती ही हात वर केलेल्यांची, म्हणून तर तिच्यात कधी न उघडलेलं नोट्सचं अॅपही दिसतं. एका फोटोची चिठ्ठी वेगळी आणि अनेक फोटोंची वेगळी असते, त्यामुळे काही अॅप्स एक फोटो निवडला की दिसतात आणि पाच निवडले की गायब होतात, फोन बिघडला असं समजून रीस्टार्ट करत बसू नये, बनवणाऱ्याने दुसऱ्या चिठ्ठीला हो म्हटलेलंच नसतं.

आणि चिठ्ठीत फोटो नसतोच. फोटोचा पत्ता असतो आणि तो वाचायची तात्पुरती परवानगी. गॅसवाला येणार म्हणून आपण शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवतो ना, तसंच, काम झालं की किल्ली परत. समोरच्या अॅपची फोटो घेणारी स्क्रीन बंद झाली की परवानगीही संपते, म्हणून त्याला फोटो ठेवायचा असेल तर आधीच स्वतःची कॉपी काढून घ्यावी लागते. पूर्वी अॅप्स असा पत्ता न देता फोनमध्ये फाइल नेमकी कुठे आहे तो मार्गच सरळ देऊन टाकायची, २०१६ च्या अँड्रॉइड ७.० पासून ते बंद झालं आणि त्या व्हर्जनसाठी बनवलेलं अॅप असं करायला गेलं की जागच्या जागी क्रॅश होतं. आता मध्ये फाइलप्रोव्हायडर नावाचा, मार्गाऐवजी पत्ता देणारा भाग लावावा लागतो, नवशिक्या डेव्हलपरची एक संध्याकाळ तरी त्यात जातेच.

आयफोनवर शेअर शीट, म्हणजे खालून वर येणारी हीच लिस्ट, २०१२ च्या आयओएस ६ मध्ये आलं, पण बाहेरच्या कंपन्यांच्या अॅप्सना त्यात शिरायला २०१४ चं आयओएस ८ उजाडावं लागलं.

लिस्टच्या वरच्या ओळीत अॅप्सऐवजी माणसं आणि ग्रुप दिसतात, ते अँड्रॉइडवर २०१५ मध्ये सुरू झालं. सोयीचं आहे, पण गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने वरची दांडी धरून अंगठ्याने शेअर मारायला गेलं तर सोसायटीच्या ग्रुपवर जायचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर जातो, हे ज्याच्या बाबतीत झालं नाही तो मुंबईत राहत नसावा.

समोरच्याला नक्की काय पोचतं ते घेणाऱ्या अॅपवर अवलंबून, आणि लोकांचा घोळ होतो तो इथेच. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे पण तोही मूळ फाइल नव्हे. गणपतीच्या आधी मंडळाची पोरं फ्लेक्सवाल्याला अध्यक्षांचा फोटो साधा पाठवतात, तो दहा फुटांवर ताणला की फाटतो, मग फ्लेक्सवाला वैतागून म्हणतो, ‘ओरिजिनल द्या, डॉक्युमेंटमधून टाका’. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल आहे तशी जाते, २०२२ पासून २ जीबीपर्यंत. पण आहे तशी म्हणजे अगदी आहे तशी, लोकेशन चालू ठेवून काढलेला असेल तर फोटोत दडलेले अक्षांश-रेखांशही बरोबर जातात, साधा पाठवला तर व्हॉट्सअॅप ते काढून टाकतं. दागिन्यांचा फोटो कुणाला असा देताना जरा थांबावं.

एका बाबतीत मात्र ही सोय पळवाट होते. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या अफवेतून जमावाने पाच जणांना मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली, फॉरवर्ड केलेल्यावर तसं लेबलही लागायला लागलं होतं. पण तोच फोटो गॅलरीत सेव्ह करून तिथून नव्याने शेअर केला की लेबल नसतं, पाठवणाऱ्याने स्वतःच काढलाय असं वाटतं.

नेट नसताना फोटो द्यायचे तर आधी ब्लूटूथ आणि मग शेअरइट, झेंडर. शेअरइट आणि झेंडर ही दोन्ही अॅप्स २९ जून २०२० ला भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी अॅप्समध्ये होती, तरी ‘शेअरइट कर’ असं म्हणणारे अजून भेटतात. अँड्रॉइडवर आता क्विक शेअर आहे, आयफोनवर एअरड्रॉप.

आपल्याकडे शेअर बटणाचा खरा वैरी म्हणजे स्क्रीनशॉट. अॅपमध्ये नीट पावती शेअर करायची सोय असताना लोक स्क्रीनशॉट काढतात, वरची बॅटरी आणि घड्याळ क्रॉप न करता तसाच टाकतात, आणि तो एडिट करणं अगदीच सोपं असल्याने दुकानदार हल्ली स्क्रीनशॉट बघून माल देत नाहीत, पैसे जमा झाल्याचं स्पीकर बोलला की मगच पिशवी हातात. बँकांच्या बऱ्याच अॅप्समध्ये स्क्रीनशॉट अडवलेला असतो किंवा काळा येतो, मग माणूस बायकोचा फोन मागून स्क्रीनचाच फोटो काढतो. २०१४ च्या डिसेंबरात मुंबईत सुरू झालेल्या यूटीएस या रेल्वेच्या तिकीट अॅपवरचं लोकलचं तिकीट तर शेअर करायचं नाहीच असं ठरवून बनवलेलं होतं, ते अॅप उघडूनच दाखवावं लागायचं, मित्राने पाठवलेला स्क्रीनशॉट टीसीला चालायचा नाही.